सूर्यभानजींचा परतीचा सौदा

सभेचे अध्यक्ष माननीय वामनराव देशमुख, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती सूर्यभानजी, त्यांच्या शेजारी बसलेले शेठ गोवर्धनदासजी व इतर व्यापारी मंडळी, अमरावतीहून आलेले पाहुणे, चिकाच्या पडद्याआड बसलेल्या सूर्यभानजींच्या पत्नी जमुनाबाई व सर्व मायबहिणी, आणि जुन्या शहरातले समस्त गृहस्थहो,

मला बोलायला सांगितले आहे. बोलण्याआधी जे घडले ते क्रमाने मांडते. माझे वडील नत्थुजी सरकारी मोजणीत होते. शेताचे गुणगान करण्याआधी शेताच्या खुणा सांगाव्यात, असे त्यांनी मला शिकवले.

१. गेल्या कार्तिकात माझ्या वडिलांच्या पायावरून गाडीचे चाक गेले. त्यांना औषधोपचारासाठी अमरावतीला न्यावे लागले.

२. त्या खर्चासाठी मोरणा नदीकाठचे आमचे घर सूर्यभानजींच्या हातून गोवर्धनदासजींना दिले.

३. सौदा परतीचा होता, अशी आमची समजूत आहे. म्हणजे येत्या वटपौर्णिमेच्या आत घेतलेली रक्कम आम्ही परत केली, तर घर आमचे आम्हाला परत.

४. सौदा कपड्याखाली झाला. कपड्याखाली दोनच हात होते. एक सूर्यभानजींचा, एक गोवर्धनदासजींचा.

५. माघात वडील वारले.

६. हिवरखेडच्या आमच्या शेतातला कापूस भाव पडण्याआधी विकला गेला. ती रक्कम आम्ही गोवर्धनदासजींपुढे ठेवली. त्यांनी ती घेतली नाही. परतीची बोली झालीच नव्हती, असे ते म्हणतात.

७. सूर्यभानजी काहीच म्हणत नाहीत.

८. मंगळवारी सकाळी सूर्यभानजींची गाडी शेंदूरजनाघाटला निघेल. ते तिथे कायमचे राहायला जात आहेत.

इतकेच घडले आहे. आता मी सत्काराचे बोलते. काही मंडळींच्या कपाळावर आठी आली आहे, ती मला इथून दिसते. माझ्यासारख्या मुलीने सभेत उभे राहावे हेच पुष्कळ झाले, त्यात तिने असली यादी वाचावी? पण मला बोलवावे असा आग्रह सूर्यभानजींचाच होता. अध्यक्षांच्या ओसरीवर ते माझ्याविषयी म्हणाले, "जयवंतानं माह्या घराईचे नकाशे काढले. ते बोलल. बाकीचे माही तारीफ करतीन, ते खरं बोलल." अध्यक्षमहाराज, आपण तेव्हा हसलात. मी त्या हसण्यालाच परवानगी समजते.

सूर्यभानजींचे काम काय, हे अमरावतीच्या पाहुण्यांसाठी थोडे सांगायला हवे. विलायतेच्याही पलीकडे लढाई सुरू झाली, तिकडचा कापूस अडला, आणि आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांना मुंबईत जे मोल आले ते आपण सर्वांनी पाहिले. त्यामागे माणसे आली. मुंबईची, कच्छची, मारवाडची. या शहरात तेवढी घरे होती कुठे? गोठे झाडून भाड्याने गेले. गुरे बाहेर उन्हात आणि आत गादीवर मुनीम, असे दृश्य आपल्याच गल्लीत होते. घरांचे दलाल रातोरात उगवले. त्यांची एकच रीत होती. घर दाखवा, किल्ली द्या, आणि पुन्हा मागे पाहू नका.

सूर्यभानजी तसे करत नसत. ते आधी ओट्यावर बसत, पाणी मागत, आणि विचारत, "तुमाले नेमकं काय पायजे?" हा साधा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. कोणाला घर विकायचे असे, पण लेकीचे लग्न होईपर्यंत मागची एक खोली हवी असे. कोणाला फक्त भाडेकरू शोधून हवा असे, बाकीचे बोलणे तो स्वतः करी. कोणाकडे सगळे ठरलेले असे, पण घरात पुरुष माणूस नाही, म्हणून घर दाखवताना नुसते सोबत बसायला कोणी हवे असे. सूर्यभानजी तेवढेच करत आणि तेवढ्याचीच दलाली घेत. म्हणत, "जेवढं काम, तेवढी दलाली. उरलेलं तुमचं तुमी करा, मी तंबाकू खातो."

लीलाबाईंची गोष्ट या सभेत बहुतेकांना ठाऊक आहे, तरी सांगते, कारण लीलाबाई समोर बसल्या आहेत आणि त्यांनी आधीच पदर तोंडाला लावला आहे. त्यांना पुढची पडवी भाड्याने द्यायची होती. अट एकच. पडवीतली गाय हलणार नाही. तीन दलालांनी हात जोडले. सूर्यभानजी म्हणाले, "मंग भाडेकरू गायीले पसंत पडला पायजे." येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी गाईपुढे उभे करत. एका शेठजींना तिने शिंग दाखवले, एकाचे उपरणे चघळले. शेवटी कच्छचा एक म्हातारा मुनीम आला, तिच्या मानेला खाजवत बसला, आणि भाव विचारायचाच विसरला. लीलाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "सूर्यभानजी, माह्यासाठी नवरा पाहाले तुमालेच पाठवाले पायजे होतं." त्यांचे यजमान मागच्या रांगेत आहेत, म्हणून मी पुढचे सांगत नाही.

माझा या कामाशी संबंध नकाशांचा. वडिलांनी मला साखळी धरायला, कोन घ्यायला, कागदावर प्रमाण उतरवायला शिकवले. मुलगा नव्हता, म्हणून शिकवले असे लोक म्हणत. मला वाटते, माझा हात थरथरत नसे म्हणून शिकवले. सूर्यभानजींना कल्पना सुचली की घराचा नकाशा असला तर अमरावतीच्या शेठला इथवर न येता घर कळेल. मी नकाशे काढू लागले. पहिल्याच नकाशाला ते म्हणाले, "बाई, भीत थोडी जाड दाखव ना. शेठ खुश होईन."

मी म्हटले, "भिंत आहे तेवढीच दिसेल."

त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. मग म्हणाले, "बरं. मंग याले बारीक शेठ पाहू."

भिंत जाड दाखव असे ते मला पुन्हा कधी म्हणाले नाहीत. माझ्या मते सूर्यभानजींचा खरा गुण हा. ते मोह दाखवून पाहत, पण नाही म्हटल्यावर त्यांना राग येत नसे.

आता कपड्याखालच्या रीतीबद्दल. कापसाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगायला नको. दलाल आणि घेणारा एका उपरण्याखाली हात घालतात आणि बोटे धरून आकडा सांगतात. भोवतीच्यांना कापड हललेले दिसते, भाव कळत नाही. कापसाच्या गाड्यांवर तरुणपण गेलेल्या सूर्यभानजींनी ही रीत घरांना लावली. का लावली, असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "घराचा भाव चारचौघात बोलला, का घरधन्याची अडचन चारचौघात बोलली जाते." हे उत्तर मला तेव्हाही पटले आणि आजही पटते. आमची अडचण त्यांनी अशीच झाकली होती.

पण कापसाच्या बोटांत नसलेली एक खूण त्यांनी स्वतः घातली. आकडा ठरला की ते आपला अंगठा समोरच्याच्या तळहाताच्या मधोमध दाबत. त्याचा अर्थ, सौदा परतीचा. ठरल्या दिवसाच्या आत रक्कम परत आली, तर घर परत. अंगठा दाबला नाही, तर घर कायमचे गेले. परतीची अट ते कागदावर लिहू देत नसत. त्यांचे म्हणणे, घेणाऱ्या माणसाच्या तोंडावर अविश्वास लिहून ठेवण्यासारखे आहे ते. कागदावर फक्त चतुःसीमा, किंमत आणि सह्या. आमच्या घराच्या कागदाला जोडलेला नकाशा मीच काढला आहे. त्यात विहीर आहे, मागचे मोगऱ्याचे वाफे आहेत, नदीकडच्या भिंतीचा बाक आहे. अंगठा नकाशात दाखवता येत नाही.

इतकी वर्षे या खुणेवरून कधी वाद झाला नाही. भाव चढत होते, तोवर सगळे आनंदात होते. पण आता मुंबईहून तार आली, तिकडची लढाई थांबली, आणि आपल्या पेठेत काय चालले आहे ते आपण जाणता. आगगाडीच्या सडकेचा भराव शहराच्या दिशेने सरकतो आहे आणि शहरातले शेठ उलट्या दिशेने निघाले आहेत. काल ज्या सौद्यावर पेढे वाटले, त्या सौद्यातून आज प्रत्येकाला बाहेर पडायचे आहे किंवा त्याला घट्ट धरून बसायचे आहे. रिकाम्या घरांना भाडेकरू नाहीत. म्हणूनच सूर्यभानजी काम थांबवून जमुनाबाईंच्या माहेरी निघाले. आणि म्हणूनच त्यांची शेवटची एक गाठ अशी उरली आहे, जी फक्त त्यांनाच सोडवता येते.

मी आणि माझी आई तानुबाई सध्या हिवरखेडला काकांकडे राहतो. काका रामराव भले आहेत. त्यांच्या मुलाचे लग्न याच महिन्यात आहे. काकू सरळ बोलतात, आणि सरळ बोलणाऱ्या माणसाचा मला राग येत नाही. परवा त्या म्हणाल्या, "कवालोक राहानार हा तुमी? पोराच्या हळदीले मांडव कुठं घालू, तुह्या नकाशावर?" आई भाकरी थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. रात्री ट्रंक आवरली, आणि सकाळी मला सांगितले, "अकोल्याले जाऊन काई कळते का पाय." माझी आई फुलांवर पोट भरणारी बाई आहे. मोरणेकाठच्या त्या वाफ्यांतला मोगरा देवळात जाई, लग्नांत जाई. वाफ्यांवर आता कापसाच्या गाठी रचल्या आहेत. पाऊस लागायच्या आत रोपे मोकळी झाली नाहीत, तर घर परत मिळूनही तिला त्यात करायला काही उरणार नाही. आणि ते मिळाले नाही, तर आम्ही दोघी या पावसाळ्यात कोणाच्या ओसरीवर असू, हे मला सांगता येत नाही. मला सांगता न येणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. त्यातली ही आहे आणि तिने माझी झोप नेली आहे.

गोवर्धनदासजी, आपण उठू नका. मी आपल्यावर खोटेपणाचा आळ घेणार नाही. ऐकून घ्यावे, एवढी विनंती.

मी रक्कम घेऊन त्यांच्या पेढीवर गेले, तेव्हा ते माझ्याशी वाईट वागले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितले. म्हणाले, "देखो बाई, भाव पडला, माल पडून आहे. पावसाच्या तोंडावर इतक्या गाठी उचलून किधर नेऊ? पण ती बात अलग. परतीचं ठरलं असतं, तर मी नुकसान सोसून चाबी दिली असती. अंगठा दबलाच नाही. गंगाजल हातात द्या, तेच बोलेन." मी त्यांच्याकडे पाहत होते. माणूस खोटे बोलतो तेव्हा तो जास्तीचे बोलतो, निदान माझा अनुभव तसा आहे. त्यांनी एवढेच सांगितले आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मला त्यांचे खरे वाटले. घरी जाऊन आईला ते सांगायचे मला धैर्य झाले नाही.

मग मी सूर्यभानजींकडे गेले. तीच बाब विचारली. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "बाई, हात बोलला ते हातालेच माहीत."

मी म्हटले, "काका, माझे वडील गेले. घर जाते आहे. दाबला की नाही, एवढेच सांगा."

"एवढंच सांगू?" त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "आज तुले सांगतलं, का उद्या अर्ध अकोला माह्या दारात. कोनी म्हनन दाबला, कोनी म्हनन नाई. एक कापड उचललं, तर समद्याइचे उचला लागतीन. लोकाईनं अडचनी झाकून घेतल्या माह्याकडून. मी जाता जाता त्या उघड्या करू?"

ते म्हणतात ते योग्य आहे. एका माणसाचे मौन शंभर घरांची लाज राखत असेल, तर त्याने आमच्यासाठी ते मोडावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण मग माझ्यापुढे दोन माणसे उरली. एकाचे मी ऐकले आणि ते खरे वाटले. दुसऱ्याला मी लहानपणापासून ओळखते. अंगठा दाबला नसता, तर त्याने माझ्या वडिलांना "परतीचा झाला, नत्थुजी, बेफिकर राहा" असे सांगितले नसते. हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत. वडील खाटेवर होते, मी त्यांच्या उशाशी होते. दोघेही खरे, आणि दोन्ही खरे एका जागी राहू शकत नाहीत. असे मोजणीत क्वचित होते, पण होते.

याच आठवड्यात मी जमुनाबाईंना सामान बांधायला मदत करायला गेले. निरोप घ्यायला गेले, असे म्हणा. आम्ही पितळेची भांडी फडक्यात गुंडाळत होतो. त्यांच्या हाती एक जुनी पट्टी लागली, हळदीने पिवळी झालेली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हे पाय. यानं मले लय तरास देल्ला."

मी विचारले, "कोणी?"

"ह्या पट्टीनं, अन तिच्या मालकानं. कार्तिकात याइच्या अंगठ्याले नखुरडं झालं होतं. ठनका असा, का रात्रभर कन्हत. हळद, गूळ, कांदा, समदं गरम करून बांधलं. हा एवढा मोठा गोळा! भात कालवता ये ना. लग्नात घास भरवाले लाजले होते, तो मीनं तवा भरवला. वर म्हनतात कसे, मीठ कमी हाय."

पडद्याआडून जमुनाबाई आत्ता काय म्हणाल्या ते मागच्यांना ऐकू आले नसेल. त्या म्हणाल्या, "सांग, सांग, मीनंच सांगतलं. मीठ कमीच होतं." आभारी आहे. इथे हे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून आधीच घेतली आहे. सूर्यभानजींकडून घेतलेली नाही, आणि त्यांची मान खाली गेली आहे, हे मी पाहते आहे. काका, थोडे थांबा.

आमचा सौदा झाला तेव्हा मी दारात उभी होते. कपड्याखालचे मला दिसले नाही, पण कपड्याबाहेरचे दिसले. सूर्यभानजींचा उजवा हात उपरण्याखाली गेला, तेव्हा त्याच्या अंगठ्यावर हळदीचा मोठा गोळा बांधलेला होता. मी तो पाहिला होता आणि तेव्हा त्याला काही अर्थ नव्हता. जमुनाबाईंच्या तोंडून कार्तिक हा शब्द ऐकला, तेव्हा माझ्या हातातले भांडे मी खाली ठेवले.

माझे म्हणणे एवढेच. कापडाच्या आणि लेपाच्या इतक्या जाड थरातून अंगठा दाबला, तर दाबणाऱ्याला कळ मस्तकापर्यंत जाईल आणि दाबल्याची खात्री पटेल. ज्याच्या तळहातावर तो दाबला, त्याला मऊ कापडाचा गोळा लागेल. गोळा तर हात धरल्यापासूनच लागत होता. त्याला वेगळे काय कळणार? असे झालेच, असे मी म्हणत नाही. असे होऊ शकते, असे म्हणते. एकच शेत दोन मोजणीदारांनी मोजले आणि फरक आला, तर माझे वडील आधी चोर शोधत नसत. ते विचारत, साखळी कोणी सैल धरली होती का?

आणि दुसरीही शक्यता आहे. ती सांगितली नाही तर मी अर्धाच नकाशा दाखवला असे होईल. अंगठा इतका ठणकत होता, की सूर्यभानजींनी तो दाबायला नेला आणि दाबला नाही. मनाने दाबला, हाताने राहिला. ठणकणाऱ्या बोटाने माणूस कितीतरी कामे अर्धी सोडतो. तसे झाले असेल, तर गोवर्धनदासजींचे बरोबर आहे, घर त्यांचे आहे, आणि मी आईला तसे सांगेन. मला त्या उत्तराची भीती वाटते. तरीही ते मला हवे आहे. गेले काही दिवस मी ज्या अवस्थेत आहे, तिच्यापेक्षा ते बरे.

सभेत कुजबुज सुरू झाली आहे. कोणीतरी म्हणाले, "निरोप देऊन राहिली का पंचायत भरवून राहिली?" आवाज ओळखीचा आहे, नाव घेत नाही. त्यांना माझे उत्तर असे, की निरोप देणे म्हणजे माणसाला मोकळे करून पाठवणे. सूर्यभानजी शेंदूरजनाघाटला जातील, ओट्यावर बसतील, तंबाखू मळतील. त्यांनी तिथे मळता मळता थांबून आमच्या घराचा विचार करत बसावे, असे मला वाटत नाही. आणि गोवर्धनदासजींच्या पाठीमागे या शहराने "त्याने विधवेचे घर दाबले" असे म्हणावे, हेही मला नको. कारण तसे झालेले आहे असे मला वाटत नाही. मी थंडपणाने बोलते, असे लोक म्हणतात. थंडपणाने बोलले नाही, तर माझ्याने बोलवणार नाही.

सूर्यभानजींनी तोंडाने काही सांगू नये. झाकलेले उघडू नये, हा त्यांचा नेम मला मान्य आहे. मी कोणतेही कापड उचलायला सांगत नाही. पुन्हा एकदा अंथरायला सांगते. दोघांनी एकदा समोरासमोर बसावे, उपरण्याखाली तेच हात घालावेत. नखुरडे आता बरे झाले आहे, पट्टी भांड्यांच्या पेटीत गेली आहे. सूर्यभानजींनी त्या दिवशी जे केले, तेवढेच आज मोकळ्या अंगठ्याने करावे. दाबला असेल तर दाबावा, नसेल तर हात काढून घ्यावा. त्यांच्या दोघांशिवाय कोणाला काही कळणार नाही. मलाही नाही. मला फक्त गोवर्धनदासजींचे उत्तर कळेल, आणि ते जे देतील ते मी मानेन. ज्या माणसाने आपल्या नुकसानीच्या दिवसांत माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला, त्याच्या तळहातावर मी माझ्या आईचे घर ठेवायला तयार आहे.

सूर्यभानजींविषयी मी कमी बोलले आणि माझ्याविषयी जास्त, ही या भाषणातली उणीव मला दिसते. ती भरून काढण्याइतके शब्द माझ्याकडे नाहीत. या शहरातल्या कितीतरी चुली त्यांच्यामुळे दुसऱ्या घरात जाऊनही विझल्या नाहीत, एवढे खरे आहे, आणि मला त्यांनी खरेच बोलायला बोलावले होते. काका, आपण मला मोठ्या माणसासारखे काम दिले आणि नकाशावर माझे नाव लिहू दिले. हे मी विसरणार नाही. जमुनाबाईंनी मला कितीतरी जेवणे वाढली, त्यांतले मीठ नेहमी बरोबर होते.

अध्यक्षमहाराजांनी मला वेळ दिला, सभेने ऐकून घेतले, याबद्दल मी ऋणी आहे. सत्काराच्या जागी मी कामाचे बोलले. वडीलधाऱ्यांपुढे जिथे माझा शब्द धारदार झाला असेल, तिथे तो माझ्या वयाच्या खाती टाकावा आणि सूर्यभानजींच्या सन्मानाला त्याचा डाग लागू देऊ नये.

आता विनंती. गोवर्धनदासजींनी आपले उत्तर येत्या सोमवारी, एकादशीला, दिवे लागायच्या आत वामनरावांच्या ओसरीवर कळवावे. घर परत देणार की नाही, एवढेच पुरे. कारण सांगायला नको. मी आणि माझी आई दुपारपासून तिथे बसलेल्या असू.